बुडीत खात्यावरची माणसं

२०२५च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये एका सोन्याच्या घड्याळाचा लिलाव झाला. खिशात ठेवायचं, साखळीचं, जुन्या पद्धतीचं घड्याळ. बोली १७ लाख ८० हजार पौंडांवर जाऊन थांबली. घड्याळ बंद आहे. काटे दोन वाजून वीस मिनिटांवर अडकलेत, म्हणजे १५ एप्रिल १९१२च्या पहाटे टायटॅनिक बुडाली त्या वेळेवर. मालक होते इसिडोर स्ट्रॉस, न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रचंड दुकानाचे भागीदार. बायकोनं, आयडानं, १८८८ साली त्यांच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसाला ते दिलं होतं. त्याच वर्षी ते मेसीजमध्ये भागीदार म्हणून आले.

ही बातमी आपल्याकडेही फिरली आणि सोबत ती गोष्टही फिरली. आयडाबाईंना होडीत बसवायला नेलं, त्यांनी नवऱ्याला सोडून जायला नकार दिला. सदुसष्ट वर्षांच्या स्ट्रॉस शेठना लोक म्हणाले, तुमचं वय झालंय, तुम्ही बसा, कोणी हरकत घेणार नाही. ते म्हणाले, इतर पुरुषांच्या आधी मी जाणार नाही. दोघं डेकवरच राहिली. (सिनेमावाल्यांनी त्यांना केबिनमधल्या पलंगावर निजवलं. प्रत्यक्षात ती उघड्या डेकवर होती.) गोष्ट खरी आहे. वाचलेल्यांनी ती सांगितली आहे आणि मलाही ती आवडते.

माझी तक्रार गोष्टीबद्दल नाही, आपण तिचं जे करतो त्याबद्दल आहे. एखाद्याचं मरण सुंदर निघालं की आपण दोन गोष्टी विसरतो. एक, तो माणूस त्याआधी सदुसष्ट वर्षं जगला होता. दोन, त्याला मरावं का लागलं, याचा हिशेब कोणीतरी द्यायचा होता. स्ट्रॉस यांच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्यात की एक वाचल्याशिवाय दुसरी कळत नाही. कारण या घराण्याची सगळी पत एकाच शब्दावर उभी होती: देणं.

इसिडोर यांचा जन्म १८४५चा, आजच्या जर्मनीतल्या ओटरबर्ग गावचा. ज्यू कुटुंब. वडील लाझारस १८५२ साली अमेरिकेला गेले आणि दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात घोडागाडीतून मळ्यामळ्यांवर कापडचोपड विकत फिरू लागले. म्हणजे फेरीवालेच. पुढे टॅलबटन नावाच्या लहान गावात दुकान टाकलं आणि १८५४ साली बायकामुलांना बोलावून घेतलं. इसिडोर तेव्हा नऊ वर्षांचा होता.

इथे पहिलीच नोंद अडचणीची आहे. जॉर्जिया म्हणजे कापूस आणि कापूस म्हणजे गुलाम माणसं. स्ट्रॉस घरातही गुलाम माणसं कामाला होती. पुढे न्यूयॉर्कात दानशूर म्हणून नावाजलेल्या या घराच्या चरित्रांत हे फार तर एखाद्या वाक्यात येतं आणि पुढच्या वाक्यात त्यांना किती मायेनं वागवलं, हे येतं. मायेनं वागवलंही असेल. पण ज्या माणसाला नोकरी सोडता येत नाही, त्याच्या बाबतीत माया हा जमाखर्चाचा शब्द नव्हे.

अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं, माल मिळेनासा झाला, भाव भडकले. तेव्हा टॅलबट काउंटीच्या ग्रँड ज्युरीनं, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या स्थानिक नागरिकांच्या मंडळानं, ज्यू व्यापाऱ्यांवर नफेखोरीचा ठपका ठेवला. टंचाई आली की दुकानदार चोर, आणि दुकानदार परक्या धर्माचा असला तर दुप्पट चोर. हा न्याय आपल्याला नवा नाही. लाझारस यांनी गाव सोडायचं ठरवलं. गावातले लोक येऊन, तुमच्याबद्दल नव्हतं हो ते, म्हणून विनवू लागले, तरी ते थांबले नाहीत. कुटुंब जॉर्जियातल्याच कोलंबस शहराला गेलं. १८६३ साली अठरा वर्षांच्या इसिडोरला एका कंपनीनं युरोपात पाठवलं. उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून कापूस बाहेर काढायचा आणि बदल्यात माल आणायचा, असा तो बेत होता. बेत फसला, पण पोरगा रिकाम्या हातानं परतला नाही. बंडखोर दक्षिणेच्या सरकारचे कर्जरोखे युरोपात विकून त्यानं हजारो डॉलरचं सोनं गाठीला बांधलं. ते सरकार पुढे बुडालं आणि रोखे रद्दीत गेले. ज्यांनी घेतले त्यांचं काय झालं, ते चरित्रांत येत नाही.

आता ती गोष्ट, जी स्ट्रॉस घराण्यात अभिमानानं सांगितली जाई. युद्धात दक्षिण उद्ध्वस्त झाली. एप्रिल १८६५मध्ये कोलंबसही जळालं. युद्धाआधी दक्षिणेतल्या दुकानदारांनी न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल उचललेला होता. चार वर्षांच्या युद्धानंतर त्या उधारीला कोण विचारतो? बऱ्याच जणांनी हात वर केले, काहींनी दिवाळं वाजवलं. धनकोंनीही रकमा बुडीत खात्यावर टाकल्या होत्या. लाझारस मात्र न्यूयॉर्कला गेले आणि जुनी देणी पैन् पै फेडायला लागले. समोरचे अवाक झाले. १८६६ साली बापलेकांनी तिथेच चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांची पेढी काढली, तिच्यामागे हीच पत होती. १८७४ साली याच पेढीला मेसीजच्या तळघरात कपबशांचा विभाग चालवायला मिळाला. चौदा वर्षांनी भागीदारी, १८९६ साली भाऊ नेथन आणि इसिडोर दोघंच मालक.

या गोष्टीपाशी मी नेहमी थोडा रेंगाळतो. लाझारस प्रामाणिक होते यात मला शंका नाही. पण त्यांनी कोणाचं देणं फेडलं? ज्याच्याकडे वही होती त्याचं. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याच्या खतावणीत त्यांचं नाव होतं, म्हणून ते देणं होतं. टॅलबटनच्या घरात राबलेल्या माणसांकडे खतावणी नव्हती. म्हणून ते देणं कधी देणं ठरलंच नाही. व्यापाऱ्याची नीती खरी असते, फक्त ती वहीच्या कडेपर्यंतच जाते. हा दोष एकट्या स्ट्रॉस घराण्याचा नाही. पण ही कड लक्षात ठेवा, कारण टायटॅनिकची सगळी कथा त्या कडेवरच घडते.

मेसीज दुकानाचा मूळ संस्थापक रोलंड मेसी तरुणपणी व्हेलच्या शिकारीच्या जहाजावर होता. त्याच्या हातावर गोंदलेली लाल चांदणी दुकानाची खूण झाली. एकच भाव, रोख व्यवहार, हा त्याचा शिरस्ता स्ट्रॉस बंधूंनी पुढे चालवला. आपल्याकडे ‘आज रोख उद्या उधार’ची पाटी असते, तिथे ती सबंध दुकानाची नीतीच होती. उलट गिऱ्हाइकानंच आधी पैसे जमा करून ठेवायचे, त्यावर व्याज घ्यायचं आणि त्यातून खरेदी करायची, अशीही सोय त्यांनी काढली. १९०२ साली दुकान हेरल्ड चौकातल्या अवाढव्य इमारतीत गेलं. पुस्तकांच्या किमती संगनमतानं बांधून ठेवणाऱ्या प्रकाशकांच्या संघाशी हे दोघे भाऊ अनेक वर्षं कोर्टात लढले. १९१३च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला, तेव्हा इसिडोर जाऊन दीड वर्ष उलटलं होतं. मधे वर्षभर ते अमेरिकी काँग्रेसमध्येही बसले. आयात जकात कमी व्हावी हा त्यांचा आग्रह होता. कपबशा परदेशातून आणणाऱ्याचा तो असणारच. गरीब ज्यू निर्वासितांना इंग्रजी आणि कामधंदा शिकवणाऱ्या एज्युकेशनल अलायन्सचे ते अध्यक्ष होते. भाऊ नेथन यांनी शहरभर गरिबांच्या पोरांसाठी पाश्चरीकरण केलेल्या दुधाची केंद्रं उघडली. या दुधाबद्दल खरं तर वेगळा लेख हवा.

म्हणजे १९१२च्या एप्रिलमध्ये दक्षिण फ्रान्समधला हिवाळा उरकून टायटॅनिकवर चढलेला हा म्हातारा फक्त प्रेमळ नवरा नव्हता. देणं, पत, वजनमाप आणि किंमत यांत मुरलेला तो व्यापारी होता. आणि तो ज्या जहाजावर चढला, त्याचं वजनमाप खोटं होतं.

खोटं म्हणजे बेकायदा नव्हे. दुखणं नेमकं इथेच आहे. बोर्ड ऑफ ट्रेड या ब्रिटिश सरकारी खात्याचा लाइफबोटींचा नियम १८९४चा. त्यानं सर्वात वरची पायरी १० हजार टनांवर ठेवली होती: त्याहून मोठ्या जहाजाला १६ होड्या. टायटॅनिक ४६ हजार टनांची. तिच्यावर २० होड्या होत्या, म्हणजे नियमापेक्षा चार जास्त. त्या वीस होड्यांत माणसं मावत होती ११७८ आणि त्या रात्री जहाजावर होती सुमारे २२००. कागद स्वच्छ, शिक्का बरोबर आणि निम्म्या माणसांना जागा नाही.

आयडाबाईंना ज्या होडीत बसवत होते ती आठ नंबरची. तिची क्षमता ६५ माणसांची होती. ती पुष्कळ मोकळी सुटली. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. स्ट्रॉस शेठनी जी जागा दुसऱ्याला म्हणून सोडली, ती दुसऱ्या कोणाला मिळाली नाही. ती तशीच रिकामी समुद्रात उतरली. त्या बाजूच्या अधिकाऱ्यानं ‘आधी बायका-मुलं’चा अर्थ ‘फक्त बायका-मुलं’ असा घेतला. भरलेली होडी दोरांवर पेलेल की नाही, याची खात्री अधिकाऱ्यांना नव्हती. होड्यांची कवायत प्रवाशांकडून करून घेतलेली नव्हती. आणि तिसऱ्या वर्गातली माणसं खालच्या मजल्यांवरून बोळ-जिने शोधत वर येईपर्यंत बऱ्याच होड्या सुटल्या होत्या.

त्यागाची किंमत यानं कमी होते का? नाही. त्यांना काय माहीत, होडी अर्धी रिकामी जाणार आहे! पण त्यागाच्या गोष्टीवर जे अश्रू आपण ढाळतो, त्यांत ही रिकामी जागा विरघळून जाते. शूर पुरुष मागे उभे राहिले, असं म्हटलं की त्यांना मागे उभं का राहावं लागलं, हा प्रश्न असभ्य वाटायला लागतो. बुडालेल्या जहाजाच्या मालकाला यापेक्षा सोयीची गोष्ट कुठली हवी? पहिल्या वर्गातले साठेक टक्के लोक वाचले, तिसऱ्या वर्गातले पंचवीसेक टक्के. हे आकडे वीरगाथेत बसत नाहीत, म्हणून वीरगाथा त्यांना घेत नाही.

आता हिशेबाचा दिवस. पीडितांनी अमेरिकेत केलेले दावे १ कोटी ६० लाख डॉलरच्या वर गेले. टायटॅनिकची मालक व्हाइट स्टार ही ब्रिटिश कंपनी, जहाज ब्रिटिश, पण कंपनी आपला बचाव मांडायला अमेरिकेच्या कोर्टात गेली. का? ब्रिटिश कायद्यात मालकाच्या देण्याची कमाल मर्यादा जहाजाच्या टनांवर ठरे. १८५१च्या अमेरिकी कायद्यात ती अपघातानंतर जहाजाचं जे काही उरलं असेल त्याच्या किमतीवर ठरे. टायटॅनिकचं काय उरलं होतं? न्यूयॉर्कच्या धक्क्याला आणून लावलेल्या काही होड्या. त्या आणि वसूल झालेलं भाडं मिळून भरले ९२ हजार डॉलरसुद्धा नाहीत. जिथे भाव स्वस्त तिथे खरेदी! १९१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं, परदेशी जहाजालाही ही सवलत मागता येईल, असा निर्णय दिला. मालकाला धोका ठाऊक असूनही त्यानं दुर्लक्ष केलं हे सिद्ध झालं तर ही मर्यादा तुटते, आणि कंपनीचे प्रमुख ब्रूस इस्मे तर स्वतः जहाजावर होते आणि वाचलेही होते. दावेदारांची सगळी भिस्त त्यावर होती. शेवटी १९१६ साली सुमारे ६ लाख ६४ हजार डॉलरवर तडजोड झाली. त्या काळचा डॉलर आणि आजचा पौंड एका तराजूत घालता येत नाहीत, हे कबूल. तरी सगळ्या दावेदारांत मिळून वाटलेली ती रक्कम आणि एका बंद घड्याळाची बोली शेजारीशेजारी लिहिली की पोटात ढवळतं.

खलाशांचे पगार तर जहाज बुडाल्या क्षणापासून बंद झाले. जहाज नाही, मग नोकरी कुठली?

मर्यादित देणं हे तत्त्व मुळात पाप आहे, असं मी म्हणत नाही. समुद्राचा धंदा वादळाचा. एका जहाजापायी मालकाचं घरदार विकायला लागलं असतं तर जहाजं बांधायला कोणी पुढे आलं नसतं. आपल्या देशातल्या सागरी कायद्यातही ही मर्यादा आहे. पण ती भांडवलावरची जोखीम कमी करण्यासाठी होती, कर्तव्य कमी करण्यासाठी नव्हे. वादळ देवाचं, होड्यांची संख्या माणसाची. दोन्हींना एकच मर्यादा लावली की होड्या कमी ठेवणं फायद्याचं ठरतं. लाझारस स्ट्रॉसही न्यूयॉर्कच्या धनकोंना म्हणू शकले असते, युद्ध झालं, माझं काय उरलंय ते घ्या. रिवाज त्यांच्या बाजूनं होता. त्यांनी म्हटलं नाही.

‘मेलेल्या माणसाच्या तोंडात आपलं म्हणणं घालू नये,’ असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. इसिडोर यांना या खटल्याबद्दल काय वाटलं असतं, ते मी सांगत नाही. ते स्वतः मालक होते, कदाचित व्हाइट स्टारची अडचण त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळली असती. मी एवढंच म्हणतो की व्यापाऱ्याची आठवण काढायची तर वही उघडून काढावी. नुसती समई लावून नव्हे.

आणि वही उघडली की ९६ क्रमांकाचं पान येतं. प्रेतं गोळा करायला मॅके-बेनेट हे केबल टाकणारं जहाज कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून गेलं होतं. त्याला ३०६ देह मिळाले. पेट्या आणि देह टिकवायची औषधं कमी पडली तेव्हा निवड करावी लागली. ११६ देह पुन्हा समुद्रात सोडले, त्यांत बहुतेक खलाशी आणि खालच्या वर्गातले. कप्तानानं नंतर कारण सांगितलं, त्याचा आशय असा: ज्यांच्या मरणातून विम्याचे आणि वारसाचे दावे उभे राहतील, त्यांचे देह किनाऱ्यावर आणणं बरं. ९६ क्रमांकाचा देह, म्हणजे इसिडोर यांचा, आणला गेला. त्याच्या वस्तूंची यादी आहे: फरचं अस्तर असलेला ओव्हरकोट, पाकीट, सोन्याचं घड्याळ, सोन्याची पेन्सिल, चाळीस पौंडांच्या नोटा आणि थोडी मोड. आयडाबाई सापडल्या नाहीत. स्ट्रॉस यांचा खासगी नोकर जॉन फार्दिंग, तोही त्याच रात्री गेला. त्याचा देह कधी ओळखला गेला नाही. न्यूयॉर्कात ब्रॉडवे आणि १०६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, स्ट्रॉस यांच्या घराजवळच, १९१५ साली लोकवर्गणीतून त्या दांपत्याचं सुंदर स्मारक झालं. मालकासोबत फार्दिंगही मागे राहिला होता. त्याची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण नोकराच्या मागे राहण्याला आपण त्याग म्हणत नाही, नोकरी म्हणतो.

टायटॅनिकनंतर नियम बदलले, हे खरं. १९१४च्या आंतरराष्ट्रीय करारात सगळ्यांना पुरतील इतक्या होड्या आणि चोवीस तास वायरलेस, हे आलं. पण होड्या कमी असतात हे कळायला अटलांटिकमध्ये लक्षाधीश बुडायची गरज नव्हती. १८८८च्या नोव्हेंबरात कच्छहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’, लोकांच्या तोंडी ‘वीजळी’, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शेकडो माणसांसह नाहीशी झाली. तीत मुंबईला परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते. मुंबईत चौकशी झाली. होड्या आणि बचावाची साधनं अपुरी होती, हे त्या चौकशीतही निघालं. टायटॅनिकच्या चोवीस वर्षं आधी. पण ती वही लंडनच्या टेबलावर नव्हती.

आणि नंतरही धडा सगळ्यांना सारखा मिळाला नाही. १९२७ साली कोकण किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ गेल्या. १७ जुलै १९४७ला, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ तासाभराच्या आत उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. बंदरापासून काही मैलांवर एवढं घडलं आणि मुंबईला कळलं ते काही तासांनी, पोहून किनाऱ्याला लागलेल्यांकडून. टायटॅनिकनं निदान हाका तरी मारल्या होत्या. रामदासवरचे कोणी स्ट्रॉस नव्हते. गावी सणाला निघालेले गिरणीतले, बाजारातले, घरकामातले लोक होते. त्यांनीही एकमेकांना सोडलं नसेल. ते सांगायला कोणी बातमीदार नव्हता.

अगदी अलीकडची नोंद २०२३च्या जूनमधली. टायटॅनिकचे अवशेष दाखवायला नेणारी ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी फुटली आणि पाच जण गेले. तिला कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र नव्हतं. नियमांमुळे नवनिर्मिती अडते, असं तिचा मालक स्टॉकटन रश जाहीरपणे म्हणत असे. तोही आत होता. त्याची बायको इसिडोर आणि आयडा स्ट्रॉस यांची खापरपणती.

कोटाबद्दल सांगायचं राहिलं. आयडाबाईंनी त्या रात्री आपली नवी मोलकरीण एलेन बर्ड हिला आठ नंबरच्या होडीत बसवलं आणि अंगावरचा फरचा कोट काढून तिला दिला. मला आता याची गरज नाही, म्हणाल्या. एलेन वाचली. न्यूयॉर्कला पोचल्यावर काही दिवसांनी ती तो कोट घेऊन स्ट्रॉस यांच्या मुलीकडे गेली. तुमच्या आईचा आहे, म्हणाली, घ्या. मुलीनं तो परत दिला. आईनं तुला दिलाय, तुझाच आहे.